दोन आखूड, एक लांब

दहिवेलच्या अलीकडे, जिथे रस्ता एका जुन्या चिंचेला वळसा घालतो, तिथे आलं की चुडामण ड्रायव्हरचा हात आपोआप हॉर्नवर जायचा. दोन आखूड, एक लांब. चिंचेखालच्या पंक्चरच्या टपरीतून एक हात वर व्हायचा आणि गाडी तशीच पुढे कोंडाईबारीच्या घाटाकडे निघून जायची. थांबायची नाही. आठवड्याच्या दोन खेपा, जाताना-येताना मिळून चार हॉर्न, असं सव्वा वर्ष चाललं. ज्या माणसासाठी एवढा हॉर्न वाजवायचा त्याच्यापाशी दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं, असं कोणीही विचारलं असतं. पण विचारणारं जवळ कोणी नव्हतं, आणि चुडामणला तेच सोयीचं होतं.

तो मूळचा पारोळ्याजवळच्या खेड्यातला. अठराव्या वर्षी धुळ्याला आला, पंचविशीत स्टेअरिंगवर बसला, तो तिथून उठलाच नाही. गावी बायको भिकुबाई. दोन मुली होत्या, त्या सासरी गेल्या. महिन्याचे चार दिवस तो घरी असायचा आणि त्या चार दिवसांत भिकुबाईची धांदल उडायची. तिचा त्याच्यावर राग नव्हता. त्याच्यावाचून राहायची तिला इतकी सवय झाली होती की तो आला म्हणजे घरात परकं माणूस आल्यासारखं ती चांगली ताटली शोधायची. "आजून एक भाकर वाढू का?" असं आग्रहानं विचारायची. स्वतःच्या घरात आपल्याला आग्रह होतो, हे त्या बापड्याला भाकरीबरोबर गिळावं लागायचं. पाचव्या दिवशी तो पिशवी उचलायचा तेव्हा दोघांनाही जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटायचं.

त्याचं खरं घर म्हणजे धुळ्यात पारोळा रोडवरचं भाईदासशेठचं ट्रान्सपोर्ट. एक पत्र्याचं ऑफिस, मागे मोकळं आवार, आवारात कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली जुन्या गाडीतून काढलेली सीट. या सीटवर खानदेशातल्या यच्चयावत रस्त्यांचा निकाल लागायचा. तिथे चुडामणचा शब्द शेवटचा. त्याला सगळे आबा म्हणायचे, शेठसुद्धा. वीस वर्षांत त्याची गाडी घाटात एकदाही कुठे टेकली नव्हती, आणि ही गोष्ट तो स्वतः कधी सांगायचा नाही, कारण दुसरे सांगतील याची त्याला खात्री होती.

सत्तार त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, साक्रीकडचा. त्याला गाडी शिकवली ती चुडामणनेच. पुढे सत्तारला स्वतःची गाडी मिळाली तेव्हापासून दोघांच्या गाड्या जोडीनं चालायच्या. पुढे आबा, मागे सत्तार. जळगावहून डाळीची पोती भरायची, सुरतेला उतरवायची, तिकडून कापडाचे गठ्ठे घेऊन यायचं. घाट आला की आबा आधी उतरायचा. खालचं शेवटचं वळण संपलं की हॉर्न द्यायचा: दोन आखूड, एक लांब. म्हणजे रस्ता मोकळा आहे, ये. तो ऐकू आल्याखेरीज सत्तार वरून गाडी सोडायचा नाही. खाली ढाब्यावर दोघांत एकच चहा मागवायचे. कप सत्तारला, बशी आबाला. पैसे वाचवायचे म्हणून नव्हे. पहिल्या दिवशी तसं झालं होतं म्हणून रोज तसंच.

अठ्ठ्याऐंशी साली शेठनं दोन नवे घोडे आणले. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी. मागचा लांबलचक ट्रेलर तिला जोडायचा आणि सोडायचा. दोन्ही घोडे हवेच्या ब्रेकचे. आजवर आवारात सगळ्या गाड्या तेलाच्या ब्रेकच्या होत्या. ब्रेकवर पाय दाबला की नळ्यांतलं तेल चाकाशी जाऊन चाक धरायचं, आणि दाब कमी वाटला तर दोन-तीनदा पटापट दाबसोड केली की ब्रेक वर यायचा. या नव्या गाडीत टाकीत हवा भरलेली. पाय दाबला की हवा जाऊन चाक धरते, सोडला की "फुस्स" करून बाहेर.

मग काय विचारता! चार दिवस लिंबाखाली दुसरा विषय नव्हता.

"गाडीले नाकच नही," झुलाल म्हणाला. तो आवारातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, आबाच्या बरोबरीचा. "आपली गाडी देख. पुढे केवढं नाक शे! ठोकाई गई ते आधी नाक जास, मंग आपला नंबर. आठे ते सरळ आपलंच थोबाड."

"पन दिसस कितलं चांगलं!" सत्तार म्हणाला. "चाकपुढली जमीन दिसस. नाकवाली गाडीमा म्हैस आडवी उनी ते निस्ता शिंगं दिसतस."

"आन हवा गई म्हंजे हँडब्रेक आपोआप लागस म्हने," आणखी एकजण म्हणाला.

"आपोआप लागस ते आपोआप निंघस बी," आबा म्हणाला, आणि सगळे हसले. "तेलना ब्रेक आपलासंगे बोलस रे. पायले समजस आते धरी का नही धरी. हवा काय बोली? फुस्स!"

आबानं "फुस्स" असं काही केलं की झुलालला ठसका लागला. वर आबा म्हणाला की आपल्याकडे तेलाचा ब्रेक आहे, शेठकडे हवेचा आहे, आणि दोन्ही फसले तर समोर लिंबू-मिरची टांगलेलीच आहे. गंमत अशी की एवढा निकाल देणारा आबा त्या घोड्यात एकदाही बसला नव्हता. जन्मात त्यानं हवेची गाडी चालवली नव्हती. पण हे त्याच्या लक्षातही आलं नाही, मग इतरांच्या कुठून येणार?

एक घोडा शेठनं सत्तारला दिला. कारखान्याकडून गाडी घेऊन आलेला माणूस दोन दिवस राहिला, हिंदीत चार गोष्टी सांगून गेला. पंधरा दिवस सत्तारनं धुळे-जळगाव सपाट रस्त्यावर ट्रेलर फिरवला. छान चालला. मग सुरतेची खेप लागली. भरलेला ट्रेलर, आणि मध्ये कोंडाईबारी.

आदल्या दुपारी सत्तार आबाला लिंबाखालून बाजूला घेऊन गेला.

"आबा, एक इचारानं व्हतं. तो कारखानावाला म्हने, उतारवर पाय उचलानाच नही. गाडी खालना गिअरमा टाका, आन ब्रेकवर पाय हलका धरी ठेवा. दाबसोड करू नका म्हने. आन आपीन ते जनमभर दाबसोडच करतस. काय करू?"

आता इथे दोन शब्दांचं उत्तर होतं. माहीत नाही. हे दोन शब्द चुडामणच्या ओठांपर्यंत आलेही होते, असं त्याला पुढे कित्येकदा आठवायचं. पण झाडाखालून झुलाल बघत होता, आणि आजवर सत्तारनं विचारलं आणि आबाला आलं नाही असं झालं नव्हतं.

"त्याले घाट काय माहीत!" आबा म्हणाला. "कारखानामातला मानूस तो, गाडी बनाडस, उतारवर थोडीच जास! पाय धरी ठेवशी ते ब्रेक तपतीन. आपली दाबसोडच खरी. दाब, सोड. दाब, सोड. घाबरू नको."

सत्तारचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बस, तुमीन सांगं म्हंजे व्हयनं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आबा नेहमीसारखा आधी घाट उतरला. खाली येऊन गाडी बाजूला घेतली आणि हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. रस्ता मोकळा आहे, ये. मग उतरून विडी पेटवली. विडी संपली. दुसरी पेटवली. वरून घोडा आला नाही, एक जीपवाला आला आणि म्हणाला की वरच्या तिसऱ्या वळणावर ट्रेलर डोंगरात घुसलाय.

सत्तारनं शहाणपणा एवढाच केला होता की गाडी हाताबाहेर जाते म्हटल्यावर दरीकडे न नेता डोंगराच्या अंगावर घातली. पण मागचा भरलेला ट्रेलर वळून केबिनवर आला. बाहेर काढायला दोन तास लागले. उजवा पाय गुडघ्याखाली राहिलाच नव्हता.

धुळ्याला दवाखान्यात आठव्या दिवशी सत्तार नीट बोलायला लागला. उशाशी त्याची बायको जमीला बसली होती, पायाशी आबा. सत्तार आबाकडे बघून रडायला लागला.

"आबा, मी चुकनू. तुमीन सांगेल तसंच करी ऱ्हायंतू. पन मधमा माले त्या कारखानावालानं आठवनं आन दोनदा मी पाय धरी ठेवा. तथूनच गाडी गई. मी तुमनं पुरं ऐकं नही."

जमीला म्हणाली, "रोज हेच बोलतात, आबा. तुमची माफी मागायची आहे म्हणतात."

आबानं त्याचा हात धरला आणि "जाऊ दे" म्हणाला. त्या वेळेपर्यंत आपण सांगितलं ते बरोबरच होतं अशी त्याचीही समजूत होती. पोरगं घाबरलं, पाय अडखळला, असंच त्याला वाटत होतं. तेवढ्या दिवसांचा गुन्हा त्याच्या माथी मारू नये.

समजलं ते तीन महिन्यांनी. आवारात नूर महंमद मिस्त्री आला होता. दुसरा घोडा अजून उभाच होता. सत्तारच्या अपघातानंतर त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. शेठनं मिस्त्रीला सांगितलं, यांना नीट दाखव. मिस्त्री बोलण्यापेक्षा करून दाखवणारा माणूस. त्यानं इंजिन चालू करून टाकीत हवा भरली, मग इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आबा, तुम्हीच बसा. सगळ्यात जुना पाय तुमचा."

चुडामण पहिल्यांदा त्या गाडीत बसला.

"आता समोरचा काटा बघा आणि दाबसोड करा. जशी घाटात करता तशी."

दाब, सोड. फुस्स. काटा जरासा खाली आला. दाब, सोड. अजून खाली. आबा मनात मोजत होता. नऊपर्यंत काटा लाल पट्ट्याजवळ आला. अकराव्याला कुठून तरी घूं असा आवाज सुरू झाला आणि थांबेना.

"हा बझर. म्हणजे हवा संपत आली," मिस्त्री सगळ्यांना सांगत होता. "प्रत्येक वेळी पाय उचलला की टाकीतली हवा बाहेर जाते. इंजिन चालू असलं तरी ती भरायला वेळ लागतो. घाटात तेवढा वेळ कोण देतो? हँडब्रेक आपोआप लागेपर्यंत गाडी हाताबाहेर गेलेली असते. म्हणून पाय धरून ठेवायचा. तेलाच्या गाडीची सवय इथे मारते."

मिस्त्रीनं बोट कोणाकडेच दाखवलं नव्हतं. त्याला ठाऊकच नव्हतं. सत्तार आणि आबा यांच्यात त्या दुपारी काय बोलणं झालं ते तिसऱ्या माणसानं ऐकलं नव्हतं. आबा खाली उतरला, नळाशी जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. सत्तारला कारखान्यातल्या माणसानं बरोबर सांगितलं होतं. त्यानं येऊन विचारलं नसतं तर आज तो दोन पायांवर उभा असता. आणि त्यानं दोनदा पाय धरून ठेवला होता, तेवढंच त्या दिवशी बरोबर घडलं होतं.

मनात आलं, आजच साक्रीला जावं, सांगावं. मग म्हटलं, जखम ओली आहे, जरा बरा होऊ दे. मग म्हटलं, आता कुबडी घेऊन चालायला लागलाय, कशाला मोडता घाला. मग रमजान आला, मग पाऊस, मग केळीचा हंगाम. न सांगायला निमित्त शोधावं लागत नाही, ते रोज सकाळी दारात येऊन उभं असतं. आणि असं करत चार वर्षं गेली.

ही चार वर्षं आबानं कशी काढली ते त्यालाच माहीत. लिंबाखाली बसणं त्यानं सोडलं. तिथे कोणी काही विचारलं तर "मिस्त्रीले इचारा" म्हणायचा. शेठनं दोनदा नवी गाडी देऊ केली, त्यानं जुनीच मागून घेतली. लोक हसायचे, आबाचं तेल काही सुटत नाही म्हणायचे. जोडीनं दुसरा कोणी यायला निघाला तर हा तासभर आधीच गाडी काढायचा. घाट उतरला की ढाब्यावर आख्खा चहा घ्यायचा आणि अर्धा ठेवून उठायचा. गावी भिकुबाईनं एकदा विचारलं, "तब्येत बरी नही का?" त्यानं बरी आहे म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांत तिला रस्त्यावरचं कधी काही सांगितलं नव्हतं. आता ही एक गोष्ट कुठून सुरू करायची हे त्याला समजेना. शंभर-शंभर मैल केबिनमध्ये एकटा बसून तो सत्तारला सगळं सांगायचा, अगदी सुरुवातीपासून, आणि दहिवेल आलं की गप्प व्हायचा.

कारण एक्याण्णव साली सत्तारनं दहिवेलला त्या चिंचेखाली टपरी टाकली होती. पंक्चर काढायचं, चाकांत हवा भरायची. पहिल्या दिवशी आबा चुकून थांबला. सत्तारनं त्याला मिठी मारली, आणि तिथे बसलेल्या चार अनोळखी ड्रायव्हरांना सांगायला लागला: "हाऊ मना उस्ताद! याना शब्द ऐकता ते मना पाय ऱ्हाता." ते ऐकून आबा घोटभर पाणीही न पिता निघाला. त्यानंतर हॉर्न. दोन आखूड, एक लांब. रस्ता मोकळा आहे. खोटं बोलायला त्याला तोंडही लागत नव्हतं.

असं आयुष्यभर चाललं असतं. माणूस स्वतःच्या एकटेपणालाही सरावतो, आणि चुडामण चांगलाच सरावला होता. पण ब्याण्णवच्या हिवाळ्यात साक्रीच्या ढाब्यावर सकाळच्या चहाला रुपचंद भेटला. हा भडगावचा, तिशीतला, आठच दिवसांपूर्वी दुसऱ्या ट्रान्सपोर्टात हवेच्या घोड्यावर बसलेला.

"आबा, आज पहिल्यांदाच भरेल ट्रेलर लई चालनू घाटमा," तो उत्साहानं म्हणाला. "काल रिकामा येताना दहिवेलले हवा भराले थांबनू. सत्तारभाईनी सांगं, उतारवर दाबसोड सोडू नको. पाय धरी ठेवशी ते मनासारखा लंगडा व्हशी. चुडामन आबाना शब्द शे म्हने. बठ्ठासले सांगस तो."

आबानं कप खाली ठेवला.

"बठ्ठासले?"

"जो हवानी गाडीवाला थांबस त्याले सांगस. पायनं खुंट दखाडस आन सांगस. मानूस इसरस नही मंग."

आबानं रुपचंदचं मनगट धरलं. इतकं जोरात धरलं की तो दचकला. "दाबसोड करू नको. समजनं का? पाय उचलू नको. खालना गिअर टाक, पाय हलका धरी ठेव, काटावर नजर ठेव."

"पन आबा, तुमनाच शब्द..."

"मना शब्द चुकेल शे," आबा म्हणाला. रुपचंद हसला. मोठी माणसं असं बोलतात, असं त्याला वाटलं असावं. मग आबानं त्याला चार वेळा तेच सांगितलं, त्याच्याकडून म्हणवून घेतलं आणि त्याच्या मागोमाग गाडी काढली. दहिवेलला हॉर्न न देताच गेला. घाटाच्या माथ्यावर थांबून रुपचंदचा ट्रेलर एकेक वळण घेत खाली जाताना पाहिला. शेवटचं वळण संपलं, ट्रेलर सपाटीला लागला. तेव्हा चुडामणनं अवघड घाटात आयुष्यात पहिल्यांदा गाडी उलटी फिरवली आणि तो दहिवेलला परत आला.

सत्तार ट्यूब घासत बसला होता. आबाची गाडी चिंचेखाली येऊन थांबलेली पाहून त्याचं तोंड उजळलं. त्यानं आत हाक मारली, "जमीला, आबा उनात! चहा ठेव." आणि दोघांची जुनी सवय माहीत असल्यानं तिनं एकच चहा ठेवला.

आबा बसला नाही. उभ्यानंच बोलला. शंभर वेळा घोकलेलं सगळं विसरला आणि दोन वाक्यं उरली.

"सत्तार, तो कारखानावाला खरं सांगे. माले माहीत नव्हतं, आन मी सांगं."

सत्तारला आधी कळलं नाही. मग आबानं काट्याचं, हवेचं, मिस्त्रीचं सगळं सांगितलं. सत्तार ट्यूबवरची पट्टी अंगठ्यानं दाबत ऐकत राहिला. ती केव्हाच चिकटली होती तरी दाबत राहिला.

"कवय समजनं तुमले?"

"चार साल व्हई गयात."

"चार साल," सत्तार म्हणाला. एक बस गेली, धूळ बसली. मग बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता. "तुमले माहीत नव्हतं, चुकाई गयं. त्यानं काही नही, आबा. मानूस चुकस. पन मी चार साल या पायले शिव्या दिध्यात. सकायले उठीसन, कुबडी धरताना, रोज. ऐकं नही, ऐकं नही, म्हनीसन गया. आन त्यानी ते बठ्ठं ऐकेल व्हतं."

त्यानं गुडघ्यावर हात ठेवला, जसा आपण एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवतो तसा. आबाला रडायला यावं असं फार वाटलं, पण रडू त्याचं नव्हतं. ते ज्याचं होतं तो कोरड्या डोळ्यांनी बसला होता.

जमीला चहा घेऊन आली. एक कप, एक बशी. सत्तारनं ट्रेकडे पाहिलं.

"एक कप आजून आन," तो तिला म्हणाला. "दोन कर."

ती गोंधळली, आत गेली. चुडामणनं त्या दिवशी सत्तारच्या दारात पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या कपातून चहा घेतला. सगळा संपवला, कारण ठेवायची हिंमत झाली नाही. उठताना "येतो" म्हणाला. सत्तारनं मान हलवली. "सांभाळीसन जा" म्हणाला, जसं तो कुठल्याही ड्रायव्हरला म्हणायचा.

त्यानंतरही आबा चिंचेपाशी हॉर्न द्यायचा. टपरीतून हात वर यायचा नाही. कधी सत्तार पाठमोरा असायचा, कधी समोर असायचा आणि कामात असायचा. दोन महिने आबानं वाजवला. मग एक दिवस हात हॉर्नवर गेला आणि त्यानं तो उचलून घेतला.

उन्हाळ्यात, घाटाखालच्या ढाब्यावर, दुपारची वेळ होती. आबा कोपऱ्यातल्या खाटेवर एकटा जेवत होता. पलीकडे सात-आठ ड्रायव्हर बसले होते, बरेचसे नवे, आणि त्यांचा तोच जुना वाद चालला होता. कोणाचा घोडा चांगला, नाक असलेलं बरं की नसलेलं, तेल की हवा. जणू लिंबाखालचीच सीट कोणी उचलून तिथे आणून ठेवली होती. त्यांच्यातला एक, पागोटंवाला, म्हणाला:

"हवेच्या गाडीचं मला विचारा. दहिवेलला लंगडा पंक्चरवाला आहे ना, तो प्रत्येकाला थांबवून सांगतो. दाबसोड करायची नाही, पाय उचलायचा नाही. एका ड्रायव्हरनं मला चुकीचं सांगितलं आणि माझा पाय गेला, म्हणतो. कारखानावाल्यानं बरोबर सांगितलं होतं, माझा पायही बरोबर होता, म्हणतो."

"कोनता ड्रायव्हर?" दुसऱ्यानं विचारलं.

"मी खूप विचारलं. नाव नाही सांगत. म्हणतो, होता एक."

चार वर्षं सत्तारनं ते नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं होतं, छाती फुगवून. आता ते त्याच्या तोंडातून गेलं होतं. हे उपकार होते की शिक्षा, चुडामणला ठरवता येईना. बहुतेक सत्तारलाही ठरवता आलं नसावं.

"असा कसा उस्ताद?" तिकडे एकजण म्हणत होता. "सांगनारा कोन व्हता ते तरी समजाले पाहिजे. नहीते तो आजून कोनले तरी सांगत फिरत व्हई."

चुडामणनं हात धुतले. खाटेवरून उठून तो त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. कोणी ओळखलं नाही. एकानं सरकून जागा केली, म्हातारा बसायला आलाय असं समजून.

"मी व्हतू तो," आबा म्हणाला. "चुडामन. भाईदासशेठना ट्रान्सपोर्टना. माले माहीत नव्हतं, आन मी सांगं."

पागोटंवाल्यानं नजर खाली घेतली. ज्यानं जागा केली होती तो आणखी थोडा सरकला, पण आबा बसला नाही. गल्ल्यावर जेवणाचे पैसे दिले, बाहेर उन्हात आला, गाडीत चढला.

त्याला चढायचं होतं धुळ्याकडे, म्हणजे वर घाट आणि मग चिंच. चिंच आली तेव्हा त्यानं गाडी अगदी हळू केली. सत्तार एका चाकात हवा भरत वाकला होता. चुडामणनं हॉर्नला हात लावला नाही. आरशात टपरी लहान होत गेली, आणि वळणाआड जाईपर्यंत तो आरशातच बघत होता.